बुडालेल्या देशाचा अपराधी
वेल्सच्या पश्चिमेस, कार्डिगनच्या उपसागराखाली, ग्विद्नो राजाचा सुपीक प्रदेश बुडालेला आहे अशी दंतकथा आहे. १३ व्या शतकातील एका हस्तलिखितातले काव्य त्याचा दोष मेरेरिद नामक युवतीस देते. तिने झऱ्याचे पाणी मोकळे सोडले. मागाहून रूढ झालेली कथा तोच दोष बांधाच्या द्वारांवरील मद्यधुंद रक्षक सैथेनिन यास देते. अपराधी पालटला; अपराध्याची गरज पालटली नाही.

वस्तुतः बोर्थ येथे ओहोटीच्या वेळी उघडे पडणारे वृक्षांचे बुंधे सुमारे ५००० वर्षांपूर्वीचे आहेत. ते वन समुद्राने हळूहळू गिळले. कोणाच्याही निद्रेमुळे नव्हे. तर मग ही कथा केवळ अन्याय्य म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. तिने निरपराध्यावर आळ घेतला हे खरे. परंतु द्वार राखणाऱ्याने जागे राहिले पाहिजे, हे तत्त्वही तिनेच जपले.

आज समुद्र पुन्हा चढत आहे, आणि या वेळी मनुष्याने जाळलेला कोळसा व तेल हेच त्याचे प्रमुख कारण होय. तेव्हा दोष नसता एकास अपराधी ठरविले. आता दोष असून तो सर्वांत इतका वाटला गेला आहे की, कोणासच तो आपला वाटत नाही. यांतला दुसरा अन्याय आम्हांस अधिक भयंकर वाटतो.