दुधाच्या हिशेबाशेजारी

रोह्याच्या घरी भिंतीवरचं कालनिर्णय म्हणजे आईची वही. दूध किती घेतलं, गॅस कधी लावला, वाण्याला किती दिले, सगळं त्या चौकोनांत. परवा कपाट आवरताना २०२० सालचं हाती लागलं. मे महिन्यातल्या एका चौकोनात दुधाच्या आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘रायवळीला पाड लागला.’ पान उलटलं. ३ जून, निसर्ग वादळाचा दिवस. तिथे दोनच गोष्टी होत्या : दूध नाही, आंबा गेला. परसातलं ते झाड आजोबांनी लावलेलं. त्याची सावली गेली, झोपाळ्याची फांदी गेली. पण त्या वर्षी पहिला आंबा कधी पिकला, ते अजून आमच्या घरात आहे.

हजार वर्षांपूर्वी जपानच्या दरबारातली माणसं अशाच रोजच्या नोंदी ठेवत. की नो त्सुरायुकी हा त्यांच्यातला मोठा कवी. तोसा प्रांताचा कारभार संपवून ९३५ साली तो होडीने राजधानीला परतला. पन्नासहून जास्त दिवसांचा प्रवास. पुरुषाने रोजनिशी लिहायची ती चिनीत, असा तेव्हाचा रिवाज. याने ती एका बाईच्या तोंडून, घरच्या जपानीत लिहिली. हवा वाईट म्हणून होडी जागची हलली नाही, अशा दिवसांच्याही नोंदी आहेत. तोसात असताना त्याची लहानगी मुलगी वारली होती. शेवटी घर येतं. राखणीवाचून सगळी पडझड झालेली. जुन्या पाइन वृक्षांमध्ये मात्र नवी रोपं उगवून आलेली. जाताना नव्हती ती रोपं आहेत, आणि लेक नाही. दुःखावर तो पानंच्या पानं लिहीत नाही. ती कोवळी रोपं तेवढी दाखवतो. मला तरी याहून जास्त काही लागत नाही.

असा एक लिहिणारा आपल्या पेण तालुक्यातही होऊन गेला. वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज, म्हणून दक्षिणेच्या आशेने ते १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. वाटेत लुटले गेले. झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला. एवढं सोसूनही आई-वडिलांसाठी गंगेची कावड घेऊनच घरी आले. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला तो वीस-पंचवीस वर्षांनी, आणि छापला गेला १९०७ साली. त्यात तोफा आहेत, जाळपोळ आहे. पण वाचून झाल्यावर मनात राहते ती काल्पीच्या वाटेवरची विहीर. झाशी सुटलेली राणी तिथे येते, अंगभर धूळ, घसा कोरडा. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती त्यांना थांबवते. स्वतः मडकं विहिरीत सोडते, वर ओढते, ओंजळीने पिते. ती ओंजळ आपल्यापर्यंत आली, कारण वरसईच्या एका गरीब भिक्षुकाने ती नीट पाहून ठेवली होती.

मी रोज गाडीने रोह्याहून पेणला जाते. निडी, नागोठणे, कासू. स्टेशनं इतकी पाठ झालीत की खिडकीबाहेर बघणंच सुटलं होतं. काल मुद्दाम बघत गेले. पेणला उतरल्यावरही चाल जरा सावकाश ठेवली. एका कारखान्याबाहेर फळीवर शाडूचे गणपती वाळत ठेवले होते, अजून डोळे न आखलेले. कडेच्या मूर्तीची करंगळी मी जवळून पाहिली. तिच्यावर नखसुद्धा कोरलेलं होतं. भाद्रपदात ही मूर्ती पाण्यात जायची आहे, हे कोरणाऱ्याला ठाऊक आहे. तरी नख कोरलंय. रात्री कॅलेंडरवर दुधाखाली तेवढंच लिहिलं, ‘करंगळीला नख.’ तुम्हीही आज दुधाचा आकडा मांडल्यावर पेन लगेच ठेवू नका. दिवसभरात दिसलेलं काहीतरी एक लिहा. चौकोन लहान असतो, पण तीन-चार शब्द आरामात मावतात.