फुले पाहावी, पण कशी?



मुलांच्या परीक्षा संपल्या की आपल्या धर्मग्रामात सहलीचे बेत सुरू होतात. कोणी वेलंकनीला निघते, कोणी गोव्याला, कोणी महाबळेश्वरला. अलीकडे या यादीत साताऱ्याजवळच्या कास पठाराची भर पडली आहे. टीव्हीवर आणि मोबाईलवर सर्वांनी त्याचे फोटो पाहिलेले असतात. मग आग्रह होतो, "फादर, मेच्या सुट्टीत दोन बस करून फुले बघायला जाऊ या." या आग्रहाला पहिले उत्तर अगदी साधे आहे. मे महिन्यात कासला फुले नसतात.

उन्हाळ्यात तेथे गेलात तर तापलेला काळपट दगड आणि वाळलेले गवत दिसेल. बिया आणि कंद त्या दगडाच्या भेगांत आणि बोटभर मातीत निजलेले असतात. जूनमध्ये पाऊस येतो, पठार ओले होते आणि साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा हंगाम चालतो. आपल्या शाळांचे वेळापत्रक फुलांना ठाऊक नसते. ज्याला फुले पाहायची आहेत त्याला फुलांच्या वेळेनुसार जावे लागते. निसर्ग आपल्या सोयीने चालत नाही, हा पहिला धडा सहल निघण्याआधीच मिळतो.

कास पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. वर जांभ्या दगडाचे कवच आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर, अशी त्याची घडण आहे. मोठी झाडे तेथे मूळ धरू शकत नाहीत, म्हणूनच लहान फुलझाडांना मोकळे आकाश मिळते. फुलझाडांच्या सुमारे ८५० जाती या भागात नोंदल्या गेल्या आहेत. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, आणि "सीतेची आसवे" हे सुंदर नाव मिळालेले निळे फूल. हे निळे फूल येते ती वनस्पती कीटकभक्षी आहे, कारण त्या निकस मातीत तिला पुरेसे पोषण मिळत नाही. वायतुरा नावाची एक जात तर सातारा परिसरातील पठारांखेरीज फारशी कोठे सापडत नाही. टोपली कारवी दर सात वर्षांनी एकदाच बहरते. इ. स. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा समावेश आहे.

हा मान मिळाला आणि गर्दी वाढली. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. लोक फुलांत बसून, काही जण तर आडवे होऊन फोटो काढू लागले. शेवटी प्रवेशशुल्क आले, आधी नोंदणी करणे आले, दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा आली. आसपासच्या गावांतील लोक वनसमितीमार्फत मार्गदर्शक आणि राखणदार म्हणून काम करू लागले.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, "फादर, आम्ही दारू प्यायला जात नाही, पत्ते खेळायला जात नाही. देवाने निर्माण केलेली फुले पाहायला जातो. यात पाप कसले?" प्रश्न योग्य आहे आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. सौंदर्य पाहण्याची ओढ देवानेच आपल्या मनात ठेवली आहे. आठवडाभर लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाला एक दिवस मोकळे आकाश पाहावेसे वाटले तर ती चैन नव्हे, ती गरज आहे. तरीही एक नैतिक प्रश्न उरतोच. जी गोष्ट पाहायला आपण जातो, ती आपल्या जाण्यानेच नष्ट होत असेल तर काय करावे?

प्राचीन ग्रीसमध्ये युबुलिडीस नावाच्या तत्त्वज्ञाने एक कोडे घातले होते. धान्याचा एक दाणा म्हणजे ढीग नव्हे. त्यात आणखी एक दाणा टाकला तरी ढीग होत नाही. मग ढीग नेमका कोणत्या दाण्याने होतो? सेमिनरीत आम्हाला हे कोडे तर्कशास्त्राचा खेळ म्हणून शिकवले जाते. कासच्या पठारावर मात्र तो खेळ राहत नाही. मी वाटेवरून एक पाऊल खाली टाकले म्हणून पठार उजाड होत नाही, हे खरे आहे. पण दिवसाला ३००० माणसे आली आणि हंगाम ४५ दिवसांचा धरला, तर ती १ लाख ३५ हजार माणसे होतात. प्रत्येकाने एकच पाऊल आत टाकले तरी बोटभर मातीवर १ लाख ३५ हजार पावले पडतात. आणि त्यातील प्रत्येक जण प्रामाणिकपणे म्हणू शकतो, "मी काहीच केले नाही."

आपल्या काळातील पुष्कळशी पापे अशी आहेत. खाडीत प्लॅस्टिकची पिशवी टाकणारा, सिग्नल मोडणारा, पाण्याचा नळ उघडा ठेवणारा, प्रत्येक जण एकेक दाणा टाकतो आणि ढिगाची जबाबदारी कोणीच घेत नाही. मिस्साच्या आरंभी पापांगिकार करताना आपण केलेल्या कर्मांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचाही उल्लेख करतो. त्यात हा वाटेकरीपणाही धरला पाहिजे. "माझ्या एकट्याने काय होते?" हा प्रश्न सद्सद्विवेकबुद्धीला झोपवतो. त्याऐवजी "सर्वांनी माझ्यासारखेच केले तर काय होईल?" असे विचारावे.

दुसरा मुद्दा पाहण्याविषयीचा आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी सौंदर्याची फार साधी ओळख सांगितली आहे. जे पाहिल्याने आनंद होतो ते सुंदर. पाहिल्याने, मिळवल्याने नव्हे. भाकरीचा आनंद घ्यायचा तर ती खावी लागते आणि खाल्ली की ती संपते. फुलाचा आनंद पाहूनच पुरा होतो आणि फूल दुसऱ्यासाठी शिल्लक राहते. उत्पत्तीच्या पुस्तकात एदेन बागेची झाडे दिसायला मनोहर आणि खायला चांगली होती असे वर्णन येते. मनाई केलेले झाडही हव्वेला दिसायला रम्य वाटले. तिचे पाहणे चुकले नाही. पाहून झाल्यावर हात पुढे गेला, तेथे चुकले. जे पाहण्यासाठी दिले होते ते तिने घेण्याची वस्तू मानले.

कासला हात अनेक प्रकारे पुढे जातो. कोणी फूल तोडतो, कोणी घरी लावायला मुळासकट रोप उपटतो, आणि ते रोप आपल्या गॅलरीतील कुंडीत जगत नाही. कोणी फुलांच्या मधोमध बसून फोटो काढतो. या तिसऱ्या माणसाला वाटते की आपण काहीच घेतले नाही. खरे तर त्याला फुले नको असतात, फुलांतला स्वतःचा चेहरा हवा असतो. फोटो काढण्यात दोष नाही. पण फोटोसाठी फूल चिरडले, तर आपण पाहायला आलो होतो की मिळवायला, हे स्वतःला विचारावे.

तिसरा मुद्दा अधिक खोल आहे. इंग्लंडमधील तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी १९०३ साली "प्रिन्सिपिया एथिका" या ग्रंथात एक कल्पना मांडली. समजा दोन जगे आहेत, एक अतिशय सुंदर आणि दुसरे अतिशय कुरूप, आणि दोन्ही जगे पाहायला कधीच कोणी जाणार नाही. तरीही सुंदर जग असणे अधिक चांगले नाही काय? मूर यांचे उत्तर होकारार्थी होते. पुष्कळांना ते पटले नाही. ज्याला पाहणारा नाही त्या सौंदर्याला किंमत कसली, असे ते म्हणतात.

श्रद्धावंताला या वादात एक गोष्ट सांगता येते. ज्या सौंदर्याला माणूस पाहणारा नाही, त्यालाही पाहणारा आहे. ईयोबच्या पुस्तकात परमेश्वर ईयोबला विचारतो की जेथे मनुष्यवस्ती नाही अशा ओसाड भूमीवर पाऊस पाडून कोवळे गवत उगवायला कोण लावतो? ईयोबपाशी उत्तर नव्हते. तो पाऊस कोणाच्या शेतासाठी नव्हता, कोणाच्या सहलीसाठीही नव्हता. कास पठारावर युनेस्को येण्याआधी, रस्ता होण्याआधी हजारो पावसाळे फुले उमलली आणि गळली, आणि देवाने ती पाहिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली "लाउदातो सी" या विश्वपत्रात हेच सांगितले. प्रत्येक जीवजात आपल्या केवळ अस्तित्वाने देवाचे गौरव करते, आणि आपल्यामुळे ती नष्ट झाली तर ते गौरव थांबते. तसे करण्याचा आपल्याला हक्क नाही.

मग कोणी जाऊच नये काय? तसे मला वाटत नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने शिष्यांना रानातील फुलांकडे लक्ष देण्यास सांगितले. मत्तयच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात तेथे जे क्रियापद आहे त्याचा अर्थ नुसते बघणे असा नाही. नीट शिकून घेणे, असा त्याचा अर्थ आहे. शलमोन राजाच्या वैभवापेक्षा सुंदर असलेली ती फुले आज आहेत आणि उद्या चुलीत जाणारी आहेत. त्यांच्यापासून शिकायचे ते हे, की देव क्षणभर टिकणाऱ्या गोष्टीवरही इतके प्रेम करतो, तर तो तुम्हाला कसा विसरेल? जो माणूस कासला जाऊन गाडीत लवकर बसण्यासाठी भांडतो आणि रिकाम्या बाटल्या टाकून येतो, त्याने फुले बघितली खरी, पण प्रभूने सांगितले ते केले नाही.

येथे गावकऱ्यांचाही विचार हवा. फुले वाचवण्यासाठी पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले, तेव्हा त्यावर वाद झाला. पिढ्यान्पिढ्या गुरे तेथे चरत आली होती, आणि गुरांच्या वावराने व शेणाने पठाराचे भलेच होत होते, असे अनेकांचे म्हणणे होते. या वादातून आपण एक गोष्ट घेऊ शकतो. त्या जागेला माणसाचे वावडे नव्हते. तेथे राहणारा माणूस त्या जागेची मर्यादा ओळखून वावरत होता. आपण मात्र मुंबई-पुण्याहून एका दिवसासाठी जातो, आणि आपल्या मागे काय राहिले हे पाहायला थांबत नाही.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. जपानच्या होक्काइदो बेटावर बिएई नावाचे गाव फुलांच्या व पिकांच्या सुंदर शेतांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे एका शेतात "तत्त्वज्ञानाचे झाड" या नावाने ओळखला जाणारा एकटा उभा पॉप्लर वृक्ष होता. त्याचा फोटो काढण्यासाठी पर्यटक वारंवार शेतात शिरत, पीक तुडवत. सूचना लावूनही ते थांबले नाहीत. झाड जुनेही झाले होते. २०१६ साली शेतमालकाने ते तोडून टाकले. ज्या झाडावर हजारोंचे प्रेम होते, ते त्यांच्या प्रेमाच्या ओझ्यानेही गेले. मालकाला दोष देण्याआधी आपण विचार करावा, की आपले प्रेम कोणाच्या शेतातून चालत जाते आहे?

म्हणून सहलीविषयी माझे म्हणणे असे आहे. जायचे तर हंगामात जावे, शक्य तर रविवार टाळून कामाच्या दिवशी, आधी नोंदणी करून जावे. ज्या दिवशी जागा भरली असेल त्या दिवशी ओळख काढून आत शिरू नये. मर्यादा पाळणे म्हणजे आपल्यानंतर येणाऱ्या कोणाला तरी आपली जागा देणे होय. पन्नास जणांनी धावपळीत फिरण्यापेक्षा वीस जणांनी गावच्या मार्गदर्शकाबरोबर चालावे आणि निदान पाच फुलांची नावे शिकून यावे. जळत्या झुडपापाशी देवाने मोशेला जोडे काढायला सांगितले, कारण ती भूमी पवित्र होती. कासला जोडे काढण्याची गरज नाही, पण पाऊल कोठे पडते हे पाहण्याची गरज आहे.

आणि मेच्या सुट्टीचे काय? आपल्या नवी मुंबईच्या खाडीत हिवाळ्यात आलेले फ्लेमिंगो मे महिन्यातही पुष्कळदा दिसतात. भरती-ओहोटीची वेळ पाहून, लांब उभे राहून, आवाज न करता ते पाहता येतात. जवळ गेलो की थवा उडतो आणि त्यांचे खाणे मोडते. दुरून पाहण्याचा अभ्यास येथे सुरू करता येईल. ज्या मुलाला खाडीवर अर्धा तास गप्प उभे राहणे जमले, तो पुढे कासलाही नीट वागेल.

असिसीच्या संत फ्रान्सिसने मठाच्या बागेतील काही भाग न खणता तसाच ठेवायला सांगितला होता, म्हणजे तेथे रानफुले आपोआप उगवतील आणि ती पाहून लोक निर्माणकर्त्याची आठवण करतील. आपल्या चर्चच्या आवारातही, भिंतीलगत, असा एक पट्टा या पावसाळ्यात मोकळा सोडावा, असा माझा प्रस्ताव आहे. त्यावर फरशी नको, कुंड्या नकोत. तेथे काय उगवते ते ऑगस्टमध्ये मुलांबरोबर पाहू. तण उगवले तरी हरकत नाही. त्याचेही नाव शोधून काढू.

प्रभू आपणा सर्वांना पाहणारे डोळे आणि जपून पडणारे पाऊल देवो.

आपला,
धर्मगुरू