पुस्तक उघडून पाहिलंस का?

बस. आधी तो मोबाइलमधला तक्ता बंद कर. फी, निकाल, मैदान, व्हॅनचं भाडं, कुठला क्रिकेटपटू कुठे शिकला, सगळे रकाने भरलेस. पोरगं दहा वर्षं शिकणार काय, हा रकानाच नाही! आणि मला विचारतोस, ‘बाई, बिशप्स की व्हिन्सेंट्स?’

दोन्ही पुण्याच्या कॅम्पातल्या, दोन्ही ख्रिस्ती, दोन्ही दीडशे वर्षांहून जुन्या. बिशप्स 1864ची, अँग्लिकनांची. सेंट व्हिन्सेंट्स 1867ची, जेझुइटांची. ‘मिशनरी शाळा म्हणजे शिस्त आणि इंग्रजी’ एवढ्यावर तुम्ही दोन्हीकडे अर्ज भरलेत. बिशप्सला आयसीएसई आणि व्हिन्सेंट्सला राज्य मंडळ, हे प्रवेश मिळाल्यावर कळलं? अर्ज भरताना लक्ष कुठे होतं तुझं?

आणि कळल्यावर काय केलंस, तर सोसायटीच्या ग्रुपवर विचारलंस. तिथे कुणीतरी सांगितलं, राज्य मंडळाचं एसएससी म्हणजे हलकं. तेच तू माझ्यासमोर म्हणतोस! त्याच मंडळाच्या पुस्तकातून मी तुला भूमिती शिकवली. प्रमेयं रडतरडत पाठ करायचास. समजायला लागली तेव्हा सुटलास. तेव्हा हलकं नव्हतं ते.

फरक आहे, नाही कोण म्हणतंय? पण तो माहीत करून घे. आयसीएसईला दहावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र असे तीन वेगळे पेपर, प्रत्येकी 80 गुणांचे. इंग्रजीचे दोन पेपर, भाषेचा आणि साहित्याचा, तेही 80चे, आणि साहित्यात शेक्सपिअरचं नाटक. राज्य मंडळात विज्ञानाचे 40-40चे दोन पेपर, बीजगणित-भूमितीचंही तसंच. वाचनाची ओढ असलेल्या मुलाला आयसीएसई भरभरून देतं, हे मी मनापासून सांगते. पण ते पेलेपर्यंत त्याच्याजवळ बसणार कोण? तुम्ही दोघं हिंजवडीहून रात्री आठला घरी पोचता. म्हणजे पहिलीपासून शिकवणी. सहा वर्षांचं लेकरू वारज्याहून कॅम्पात जाणार, दमून येणार आणि पुन्हा दप्तर उचलणार. शाळा कुठलीही घेतलीस तरी हा प्रवास आहेच. त्याचा विचार केलास?

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? ‘आयसीएसईत मराठीची कटकट कमी’ म्हणालास त्याचा. 2020च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, हेसुद्धा तुला ठाऊक नाही. आणि कटकट कसली रे? तुझी आई त्याला रोज मराठीत गोष्ट सांगून झोपवते. उद्या तिचं पत्र त्याला वाचता आलं नाही, तर कुणाला जबाबदार धरणार आहेस?

अकरावीच्या प्रवेशाची भीती मला घालू नकोस. दोन्ही बोर्डांची मुलं एकाच ऑनलाइन प्रवेशात उतरतात.

आता ऐक. राज्य मंडळाची बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आयसीएसईची शेजाऱ्यांकडून माग. दोन्हीकडचं सहावीचं विज्ञान घे, एकाच विषयावरचे धडे समोरासमोर ठेव आणि वाच. स्वतः वाच, कुणाचा व्हिडिओ बघू नकोस. मग दोन्ही शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभा राहा. आठवी-नववीच्या आईबापांना विचार, घरी अभ्यास कोण घेतं, रात्री किती वाजतात, पोरगं खेळायला कधी जातं. आणि तुझा मुलगा एका जागी किती वेळ बसतो, कशात रमतो, हे मला सांगता येईल इतकं त्याच्याकडे बघ. मघाशी विचारलं तर ‘हुशार आहे’ म्हणालास. ते उत्तर झालं का?

फी भरायची मुदत शुक्रवारी आहे ना? मग गुरुवारी संध्याकाळी ये. आणि बायकोला खाली गाडीत का बसवून ठेवलंयस? मुलगा तिचाही आहे. आत्ताच्या आत्ता वर बोलाव तिला.