सगळे आपल्याकडेच बघताहेत?

पुण्यात पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्यांत सगळ्या वयांची, सगळ्या वजनांची माणसं असतात. तरी अंगानं जाड असलेल्या माणसाला वाटतं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. धाप लागली की बुटाची नाडी बांधायचं निमित्त काढून तो थांबतो.

पण खरंच सगळे बघतात का? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकेका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर जण बसलेल्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या जणांच्या हे लक्षात आलं असेल, असा टी-शर्ट घातलेल्यांचा अंदाज. प्रत्यक्षात चित्र ओळखलं ते जेमतेम पाव जणांनी!

अर्थात आपल्याकडे एखादे काका थांबवून विचारतातच, "काय, किती किलो उतरलं?" खरं तर हा आगाऊपणा त्यांचा; लाज मात्र आपण वाटून घेतो. अशा वेळी हसून पुढं निघावं. शक्य असेल तर मैत्रिणीला बरोबर घ्यावं, गप्पांत रस्ता सरतो. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं असा मध्यम व्यायाम सुचवते. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटांची अट होती. 2020 मध्ये तीही काढली. त्यामुळं कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत झपझप चालत गेलात, तरी तीही मिनिटं हिशेबात धरा.