पाटी नसलेली माणसं

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात, बहिणीला दाखवावी म्हणून पैठणीचा फोटो काढायला मी मोबाइल वर केला. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी न बोलता पाटीकडे बोट दाखवलं: ‘येथे फोटो काढू नयेत.’ मी निमूट मोबाइल खिशात टाकला. दुकान त्यांचं, आणि नक्षीची नक्कल होईल ही भीतीही खोटी नाही.

बाहेर फुटपाथवर एक म्हातारी गजरे ओवत बसली होती. उन्हाची तिरीप नेमकी मोगऱ्याच्या टोपलीवर आलेली. मी तीन फोटो काढले. चौथ्या वेळी तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

रात्री ते फोटो पाहताना लाज वाटली. साडीच्या बाबतीत मी नकार मानला होता, बाईला मात्र विचारलंही नव्हतं. पाटी लावायला तिच्याकडे भिंत नव्हती, एवढाच फरक.

रस्ता सगळ्यांचा, तिथे कसली परवानगी, असं स्वतःला समजावून पाहिलं. १९५७चा कॉपीराइट कायदा सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या पुतळ्याचं छायाचित्र काढू देतो. पण पुतळा पदर ओढून घेत नाही. शिवाय २०१७च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की चारचौघांत आल्याने माणसाचं खासगीपण संपत नाही. ते माणसाबरोबर चालतं.

मग दर वेळी विचारायलाच हवं का? भोपाळमध्ये १९८४ साली रघु राय यांनी पुरल्या जाणाऱ्या एका अनाम मुलाचा चेहरा टिपला. त्या मुलाला विचारणं शक्यच नव्हतं. तरी तो फोटो काढायला नको होता, असं मला म्हणवत नाही. त्या मुलाच्या वतीने तो अजून जाब विचारतो आहे. माझ्या फोटोंत म्हातारीच्या वतीने काय होतं? नुसता छान उजेड.

दोन दिवसांनी गेलो, गजरा घेतला आणि मोबाइल पुढे धरला. “आजी, न विचारता काढले. पुसून टाकू?”

तिने डोळे बारीक करून स्वतःकडे बघितलं. “आधी सांगायचंस की रे. केस तरी विंचरले असते.”

पुसू का, याचं उत्तर तिने दिलं नाही. मी पुसले. नवा काढायचं धाडस मात्र अजून झालेलं नाही.