आदर ओठांवर, की आचरणात?



आपल्या सत्संगाला येणाऱ्या कोणाही बंधूला विचारा, "आपण स्त्रियांचा आदर करता का?" एकही जण 'नाही' म्हणणार नाही. बसमध्ये, बाजारात, कार्यालयात विचारले तरी हेच उत्तर मिळेल. मग साधा प्रश्न उरतो. सगळेच जर आदर करतात, तर आपल्या माता-भगिनींच्या वाट्याला येणारा अनादर येतो कुठून?

एक उत्तर सोपे आहे: काही लोक ढोंगी असतात, बोलतात एक आणि करतात दुसरे. हे उत्तर आपल्याला आवडते, कारण त्यात आपण कुठेच नसतो. पण दुसरेही उत्तर आहे. माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या मनात चांगली भावना खरोखरच असते आणि त्या भावनेलाच तो आदर समजत असतो. साधकांनी विचार करायला हवा तो या दुसऱ्या उत्तराचा, कारण तिथे आपण स्वतः उभे असतो.

पूजा सोपी, आदर कठीण

नवरात्रात आपण नऊ दिवस देवीची उपासना करतो. उत्तर भारतात अष्टमी-नवमीला लहान मुलींचे पाय धुऊन कन्यापूजन होते. आपल्याकडेही कुमारिकांना जेवू घालतात. आणि याच देशात गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी 1994 साली कायदा करावा लागला. पाय धुणारे हात आणि गर्भातच मुलगी नाकारणारे हात नेहमी वेगवेगळ्या घरांतले होते, असे आपण छातीठोकपणे सांगू शकतो का?

यात दोष पूजेचा नाही. पूजा हा मनाला दिलेला पाठ आहे आणि परीक्षा पुढे घरात होते. मूर्ती कधी थकत नाही, 'नाही' म्हणत नाही, आपला वाटा मागत नाही. घरातली स्त्री थकते, नकार देते आणि तिचा हक्कही असतो. म्हणून मूर्तीपुढे हात जोडणे सोपे जाते आणि आदर जड जातो.

कौरवसभेतील मौन

महाभारतातील द्यूतसभा आठवा. युधिष्ठिराने आधी स्वतःला गमावले आणि मग द्रौपदीला पणाला लावले. जो स्वतःच दास झाला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, हाच द्रौपदीचा प्रश्न होता. सभेत भीष्म होते, द्रोण होते. द्रौपदीविषयी भीष्मांच्या मनात आदर नव्हता, असे कोण म्हणेल? पण धर्माची गती सूक्ष्म आहे, या प्रश्नाचा निर्णय मला करता येत नाही, असे सांगून ते थांबले. विदुराने विरोध केला. आणि दुर्योधनाचाच भाऊ असलेला तरुण विकर्ण उठून म्हणाला की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. कर्णाने त्याला गप्प केले.

विकर्णाने त्या वेळी स्वतःच्या घराण्याची नाराजी पत्करली. ज्येष्ठांचा आदर मनात होता आणि मनातच राहिला. ज्या आदरासाठी आपल्याला काहीच सोडावे लागत नाही, तो संकटात सापडलेल्या स्त्रीच्या काय कामाचा?

तीन कसोट्या

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. एका खात्यात रक्कम जमा झाली की दुसऱ्या खात्यात तेवढीच नावे पडते, हे आम्हाला पहिल्याच धड्यात शिकवतात. आदराचेही तसेच असावे. तिच्या खात्यात तो खरोखर जमा झाला असेल, तर आपल्या खात्यातून काहीतरी गेलेले दिसलेच पाहिजे. ते पाहण्यासाठी तीन जागा सुचतात.

पहिली, तिचा नकार. तिने आपल्याला हवे तेच म्हटले तर आदर टिकवणे कोणालाही जमते. ती 'नाही' म्हणाली की आवाज चढतो का, हे पाहावे.

दुसरी, तिचा वेळ. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात आणि ते काम करणारे पुरुष 97 मिनिटे, असे आढळले. ही सरासरी ते काम करणाऱ्यांचीच आहे. बहुतेक पुरुष तर ते करतच नाहीत.

गेल्या वर्षी मी नारी-सन्मानावरील एका हिंदी प्रवचनाचा मराठी अनुवाद करत होतो. रात्रीचे साडेदहा वाजले होते. आई भांडी आवरून आली आणि म्हणाली, "काय लिहितोयस, वाच बघू." मी दोन परिच्छेद वाचले. तिने मन लावून ऐकले आणि म्हणाली, "छान आहे रे. फक्त जेवल्यावर आपलं ताट आपण उचलावं, असं आहे का त्यात कुठे?" ती रागावली नव्हती, म्हणूनच ते मला जास्त लागले. माझे ताट तेव्हाही टेबलावरच होते.

तिसरी कसोटी, तिचा वाटा. 2005 च्या कायदादुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या संपत्तीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तरीही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. आमच्या घरीही हे झाले. आत्याने सही केली, तिला साडी दिली, आणि त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिने नेहमीसारखेच ओवाळले. निबंधक कार्यालयात तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढून आणणारा मीच होतो. त्यात काही वावगे आहे, असे मला तेव्हा वाटलेसुद्धा नाही.

"पण ती आनंदाने करते"

यावर एक उत्तर ठरलेले असते: आम्ही जबरदस्ती केली नाही, ती स्वखुशीने करते. असेलही. स्त्रीच्या त्यागाला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. पण त्याग त्यालाच म्हणतात, जिथे न करण्याची मोकळीक असते. सही केली नाही तर माहेर तुटेल, अशी भीती असेल, तर त्या सहीला स्वखुशी म्हणता येईल का? तिने आनंदाने दिले की नाही, हे ठरवण्याआधी आपण तिला खरेच विचारले होते का, हे आठवून पाहावे.

हा लेख पाठवण्यापूर्वी मी बाबांना वाचून दाखवला. आत्याचा परिच्छेद काढू का, असेही विचारले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिला विचारलं नव्हतं, हे खरं आहे. राहू दे लेखात." आत्याशी बोलणे अजून व्हायचे आहे. येत्या भाऊबीजेपूर्वी ते करायचे, असे आम्ही ठरवले आहे.

बंधूंनो, संकल्प मोठा नसला तरी चालेल. आज आपले ताट आपण उचलू या. पुढच्या सत्संगात महाप्रसादानंतर स्वयंपाकघरात जाऊ या आणि भगिनींना आधी पंगतीला बसवू या. घरात एखादा निर्णय होत असेल, तर "तुला काय वाटतं?" असे विचारू या आणि उत्तर आपल्याला न आवडणारे असले तरी शेवटपर्यंत ऐकू या.

आपण आदर करतो की नाही, हे आपल्याला विचारून कळणार नाही. ते आपल्या घरातील स्त्रीला विचारावे लागेल. आणि तिला खरे उत्तर निर्भयपणे देता यावे, असे घर घडवणे हीसुद्धा आपली साधनाच आहे.