समदुःखी कोण?

‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण आपण दोन अगदी वेगळ्या प्रसंगी वापरतो. दुसऱ्याचे दुःख आपल्याला पुरते कळणार नाही, अशी नम्र कबुली कधी तिच्यात असते. तर कधी ‘तुला काय कळणार’ असे म्हणून समोरच्याच्या तोंडावर दार लावण्यासाठीही तिचा उपयोग होतो. पहिल्या वापरात माणसे जवळ येतात, दुसऱ्यात दुरावतात. या म्हणीचा खरा कस लागतो तो वर्षानुवर्षे दुखण्याशी संसार करणाऱ्या कोवळ्या वयाच्या मुलामुलींच्या बाबतीत.

म्हातारपणी गुडघे दुखणार, हे आपण गृहीत धरलेले असते. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने रोज सांधे धरतात म्हणावे, किंवा मुलाने अर्धशिशीपायी आठवड्यातून दोन दिवस अंथरूण धरावे, हे आपल्या हिशेबात बसत नाही. मग ‘अभ्यासाचा कंटाळा’, ‘लाडावलेली’, ‘नाटके’ असे शब्द बाहेर पडतात. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. अशा वेदनेत क्ष-किरणाचे चित्र स्वच्छ येऊ शकते, रक्ताचा तपास निर्दोष निघू शकतो, आणि तरीही वेदना खरी असते. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले, की शरीरातून निघालेली वेदनेची वर्दी मेंदूकडे जशीच्या तशी पोचत नाही. मज्जारज्जूत जणू एक फाटक असते, ते तिला कमी-अधिक करते. जखम भरल्यावरही मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजवत राहू शकते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा दुखते असे जो सांगतो त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असेही तिला स्पष्ट लिहावे लागले. ते लिहावे लागले, यातच बरेच काही आले.

आपल्या चिटगुप्पा-हुमनाबाद भागात या अविश्वासात भाषेची भर पडते. घरी मुलगी आईला सांगते, ‘ठणका लागलाय’, ‘कळ येतेय’, ‘शिणका मारतोय’, ‘नुसती ठुसठुस आहे’. यातला प्रत्येक शब्द वेगळी वेदना दाखवतो. शाळेत किंवा दवाखान्यात गेल्यावर तिच्यापाशी एकच शब्द उरतो, ‘नोवु’. कन्नडात बारकावे नाहीत असे नव्हे. सेळेत आहे, उरि आहे. पण ते शब्द आईच्या तोंडून मिळतात, पाठ्यपुस्तकातून नाही. पुढे तपासासाठी बीदर, कलबुर्गी, सोलापूर, हैदराबाद अशा वाऱ्या सुरू झाल्या, की इंग्रजी कागदावर त्या सगळ्या ठणक्यांची आणि शिणक्यांची एक ओळ होते. त्यातून मुलगी असली तर ‘बाहेर बोलू नकोस, उद्या स्थळ बघायचे आहे’ हे आहेच. अशी मुलगी हळूहळू बोलायचेच थांबते. घरच्यांना वाटते, बरी झाली.

अशा मुलांना कोणी बोलते करावे? याचे एक उत्तर गेल्या काही वर्षांत पुढे आले आहे, ते म्हणजे त्यांच्याच वाटेवरून चार पावले पुढे गेलेल्या तरुणांनी. कॅनडातील टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात असा प्रयोग झाला. वेदनेसह जगायला शिकलेल्या तरुणांना आधी प्रशिक्षण दिले, आणि मग प्रत्येकाने एका किशोरवयीन रुग्णाशी काही आठवडे संगणकावरून ठरवून गप्पा मारल्या. त्याची पहिली लहानशी पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांना आपले दुखणे सांभाळणे अधिक जमू लागले, असे तीत दिसले.

कल्पना मात्र परकी नाही. स्वतः हिमोफिलिया असलेल्या अशोक बहादूर वर्मा यांनी १९८३ साली दिल्लीत या रुग्णांची देशव्यापी संघटना उभी केली. या आजारात सांध्यांच्या आत रक्तस्राव होतो आणि लहान वयातच असह्य वेदना सोसाव्या लागतात. पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून बाहेर पडलेलेच अनेक जण पुढे कार्यकर्ते झाले. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण फार. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदनेचे झटके येतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणे एवढेही निमित्त पुरते. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी संघटना उभारली. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल आणि हिमोफिलिया या दोन्हींचा समावेश झाला. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाचे दुखणे कायद्याने मान्य केले, ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही एक प्रश्न उरतोच. या नव्या सोबत्याला आपण सहज ‘समदुःखी’ म्हणून मोकळे होतो. पण दोघांचे दुःख ‘सम’ आहे, हे ठरवायचे कोणी? विटगेन्स्टाइन या तत्त्ववेत्त्याने एक दृष्टांत दिला आहे. प्रत्येकाजवळ एक डबी आहे, तीत एक भुंगा आहे, आणि ज्याला त्याला फक्त आपल्याच डबीत डोकावता येते. सगळे ‘भुंगा’ म्हणतात, पण दुसऱ्याच्या डबीत काय आहे, ते कोणालाच दिसत नाही. ‘कळ’ या शब्दाचेही तसेच. संधिवात असलेल्या दोन मुलींची कळ एकच आहे, याची हमी कोण देणार?

मला वाटते, ती हमी लागतच नाही. वेदना वाटून घेता येत नाही. वाटून घेता येतो तो वेदनेच्या भोवतीचा संसार. सकाळी आखडलेल्या बोटांनी वेणी कशी घालावी, ‘आज वर्गात बसवत नाही’ हे मास्तरांना कोणत्या शब्दांत सांगावे, बरे वाटणाऱ्या दिवशी सगळी कामे उरकून दुसऱ्या दिवशी आडवे कसे होऊ नये, कोणी विश्वास ठेवला नाही तर त्या रागाचे काय करावे, हे ज्ञान पुस्तकात नसते. आपल्याकडून पंढरीला जाणाऱ्या दिंडीत पुढे चालणारा मागच्याचे पाय दाबत नाही की त्याचे ओझे उचलत नाही. पाणी कोठे आहे आणि चढ कोठे संपतो, एवढे तो सांगतो. मागच्याला तेवढे पुरते.

मात्र अनुभव माणसाला शहाणा करतोच असे नाही, कठोरही करतो. सासुरवास सोसलेली सासू पुष्कळदा सुनेला तोच देते, आणि त्याला ‘आम्ही नाही का सोसले?’ असे समर्थनही असते. ‘मी याहून जास्त दुखणे काढले, तू एवढ्यात हरलीस?’ असे म्हणणारा सोबती परक्यापेक्षा अधिक घाव घालील, कारण त्याच्या शब्दाला अनुभवाचे वजन असते. अनुभव आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याच जिल्ह्यातील बसवकल्याणला बाराव्या शतकातील ज्या सभेची परंपरा सांगितली जाते, तिचे नावच अनुभवमंटप. पण तेथेही अनुभव आहे म्हणून कोणाला थेट आसन मिळाले नाही. अक्कमहादेवीला अल्लमप्रभूंच्या कठीण प्रश्नांना सामोरे जावे लागले, अशीच कथा आहे. अनुभवाला प्रश्न विचारले गेले पाहिजेत. सोबत्याला आधी प्रशिक्षण द्यायचे ते यासाठी. आपली कहाणी केव्हा सांगावी यापेक्षा केव्हा आवरावी हे त्याला शिकायचे असते. स्वतःला लागू पडलेले औषध दुसऱ्याला सुचवायचे नाही, आणि जिवाच्या धोक्याची गोष्ट कानी आली तर ती गुपित म्हणून ठेवायची नाही, हेही शिकायचे असते.

दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. जो स्वतः दुखण्यातून जातो आहे, त्याच्यावर आणखी एकाचा भार टाकणे योग्य आहे का? दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याने आपल्या दुखण्याला काही अर्थ आला असे त्याला वाटेल, हे खरे. पण अर्थ सापडावा म्हणून कोणावर सेवेची सक्ती करता येत नाही. ‘आज माझ्याच्याने होत नाही’ म्हणण्याची मुभा सोबत्याला हवी, आणि त्याच्या पाठीशी एखादा डॉक्टर, एखादी जाणती बाई हवी.

आपल्यासारख्या गावात यासाठी मोठी संस्था लागत नाही. मुलांची नावे चव्हाट्यावर न आणता दोघांची गाठ घालून देणारा एखादा डॉक्टर किंवा शिक्षक, आठवड्यातून एकदा फोनवर अर्धा तास, आणि मुलाला ‘ठणका’ म्हणायचे असेल तर तो शब्द समजणारा कान, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मराठी, कन्नड, दखनी यांत रोज ये-जा करणाऱ्या आपल्या लोकांना एक गोष्ट उपजत ठाऊक असते. शब्द समजला म्हणजे माणूस समजला असे नसते, म्हणून आपण पुन्हा विचारतो, ‘म्हणजे नेमके कसे?’ समदुःखी सोबत्यालाही हाच प्रश्न विचारता आला पाहिजे. ‘मला माहीत आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘तुझे कसे दुखते ते सांग’ म्हणणारा त्या नावाला अधिक पात्र आहे. अनुभवाने मिळतो तो ऐकण्याचा अधिकार. बोलण्याचा मिळालाच, तर त्याच्या नंतर.

मग ज्यांचे जळत नाही, त्या आईबापांनी, शिक्षकांनी, शेजाऱ्यांनी काय करावे? म्हण त्यांना मोकळे सोडत नाही. ज्याचे जळते त्याला कळते हे खरेच. पण न कळताही विश्वास ठेवता येतो. सोळा वर्षांची पोर दुखते म्हणाली, तर पुरावा मागण्याआधी तिच्यासाठी बसायला खुर्ची पुढे करता येते. सोबती शोधणे ही त्यानंतरची गोष्ट आहे.